आधी लेबल वाचा, मग ब्रश उचला



लोधीखेडा, सौंसर, पांढुर्णा, रामाकोना आणि अलीकडे केळवद-सावनेरपर्यंतच्या बायकांकडून मला एकच प्रश्न सारखा येतो. कुणी कार्यक्रम संपल्यावर फोन करून विचारते, कुणी लग्नाच्या मांडवात हळूच बाजूला घेऊन. ‘ताई, मी कॉस्मेटिकचा माल विकून राहिले. घरोघरी ओळख आहे. आता मेकअपचं काम धरलं तर जमेन का?’ आज मी त्याचंच उत्तर द्यायला बसले आहे.

जमेल. अगदी चांगलं जमेल. माल विकलेली बाई शिकायला आली की मला मनापासून बरं वाटतं. तिला शेडचे नंबर तोंडपाठ असतात. मॅट कुणाला शोभेल आणि कुणाचे ओठ त्यानं फाटतील, हे तिला बघूनच कळतं. उधारीची वही तिनं सांभाळलेली असते, ‘नको बाई, महाग आहे’ हे रोज ऐकून पचवलेलं असतं, आणि कोणाच्या घरी औंदा लग्न निघणार हे तिला पत्रिका छापायच्या आधी माहीत असतं. या गोष्टी कोणत्याच वर्गात शिकवता येत नाहीत.

पण विक्रीचं काम वस्तू गिऱ्हाइकाच्या हातात पडली की संपतं. मेकअपवालीचं काम तिथून पुढे सुरू होतं. ओसरीत बसून मनगटावर लिपस्टिकची रेघ ओढून दाखवणं वेगळं, आणि मे महिन्यात सौंसरच्या मांडवात नवरीचा चेहरा सकाळी तयार करून बिदाईपर्यंत टिकवणं वेगळं. कूलर पाहुण्यांकडे तोंड करून ठेवलेला असतो. होमाचा धूर डोळ्यांत जातो. मुंडावळ्यांचा दोरा कपाळावर घासत राहतो आणि नेमका तिथलाच बेस निघतो. वरून पोरगी रडणार, ते वेगळंच. म्हणून कपाळावर बेस पातळ ठेवा, तो पावडरनं नीट बसवा आणि मुंडावळ्या बांधून झाल्यावर तेवढी जागा पुन्हा एकदा बघा.

आणि हळद. आपल्याकडे आदल्या दिवशी हळद लागते, ती काही चिमूटभर नसते. दुसऱ्या दिवशी त्या पिवळ्या झालेल्या चेहऱ्यावर तुम्ही ट्रायलच्या दिवशी ठरवलेला बेस लावता आणि तो वेगळाच दिसतो. मग तुम्ही घाबरून वरून थरावर थर देता. हळदीचा रंग पाण्यात विरघळत नाही, तेलात विरघळतो. साबणानं चेहरा घासून घासून लाल करू नका. खोबरेल तेलाचा हात फिरवा, मऊ कापसानं पुसा, मग साध्या फेसवॉशनं धुवा. त्यानंतर अंडरटोन पुन्हा बघा. तोही दारात, दिवसाच्या उजेडात, जबड्याच्या रेषेवर, गळ्याशी जुळवून. ट्यूबलाइटखाली ठरवलेली शेड बाहेर आली की फसवते.

आता ज्या एका गोष्टीसाठी मी आज मुद्दाम आले, ती सांगते.

ज्या डब्यावर पूर्ण लेबल नाही, ती वस्तू कोणाच्याही चेहऱ्याला लावू नका. विकूही नका. फुकटही देऊ नका. लग्नाच्या दिवशी तर नाहीच, आणि लग्नाच्या महिनाभर आधी तर मुळीच नाही.

महिनाभर आधी असं मी का म्हणते? कारण तुमचा खरा मोह तिथे असतो. तारीख ठरली की नवरीची आई तुम्हाला बोलावते आणि म्हणते, ‘लग्नापर्यंत जरा उजळून दे ना पोरीला.’ तुम्ही माल विकणाऱ्या. नाही म्हणायची तुम्हाला सवय नाही. बाजारात एक लहानशी डबी मिळते. त्यावर गोऱ्या बाईचं चित्र असतं, परदेशी अक्षरं असतात, पण पत्ता कुठलाच नसतो. आठवड्यात फरक, असं दुकानदार सांगतो. आणि खरं सांगते, फरक दिसतोही. म्हणूनच मला जास्त भीती वाटते. उपयोग झाला नसता तर बायकांनी ती डबी दुसऱ्यांदा घेतली नसती.

आठवड्यात चेहरा उजळणाऱ्या अशा डब्यांत बहुतेक वेळा दोनांपैकी एक गोष्ट निघते. एक म्हणजे पारा. पारा त्वचेत रंग तयार व्हायचं काम अडवतो, म्हणून चेहरा फिका पडतो. पण तो त्वचेवरच थांबत नाही. आत शिरतो, रक्तात जातो आणि मूत्रपिंडात साठतो. पायांना, डोळ्यांखाली सूज येते, लघवीला फेस येतो. क्रीममुळे हे झालं असेल, अशी शंका कुणालाच येत नाही.

हे दूरच्या देशातलं सांगत नाही, आपल्या विदर्भातलंच सांगते. २०२३ साली अकोल्याच्या एका घरची बातमी वर्तमानपत्रांत आली होती. कॉलेजात शिकणारी मुलगी, तिची आई आणि तिची बहीण, तिघींच्याही मूत्रपिंडांना त्रास सुरू झाला. एकाच घरात तिघींना एकच आजार कसा, हे कोडं मुंबईच्या केईएम रुग्णालयातल्या डॉक्टरांनी सोडवलं. तिघी एकच गोरं करणारं क्रीम लावत होत्या. क्रीम तपासलं तेव्हा त्यात मर्यादेच्या कित्येक पट पारा निघाला. आपल्या देशात कॉस्मेटिकमध्ये पारा मुद्दाम घालायला बंदीच आहे. चुकून राहिलेला चालतो, तोही दहा लाख भागांत एक भाग इतकाच. डोळ्यांच्या वस्तूंसाठी तेवढी मर्यादा वेगळी आहे. आणि ते क्रीम त्या मायलेकींना दिलं कोणी? त्यांच्याच गावातल्या एका ब्युटिशियननं. तुमच्या-माझ्यासारख्या ओळखीच्या बाईनं. त्या घरानं तिच्यावर विश्वास ठेवला होता.

दुसरी गोष्ट स्टेरॉइड. ही औषधाची ट्यूब असते, खाज, एक्झिमा यांच्यासाठी डॉक्टर थोडे दिवस देतात तशी. आपल्याकडे ती चेहऱ्याला रोजची म्हणून लावतात. बीटामेथासोन, क्लोबीटासोल, मोमेटासोन, ही नावं ट्यूबवर दिसली की ती खाली ठेवा. २०१८ मध्ये सरकारनं अशा मलमांना डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय न विकायच्या औषधांत घातलं. पण काही जणी तीच मलमं साध्या क्रीममध्ये मिसळून बिननावाच्या डबीत भरतात आणि ‘माझा स्वतःचा फॉर्म्युला’ म्हणून देतात. त्यानं त्वचा पातळ होते, ऊन सोसत नाही, बारीक लाल शिरा दिसू लागतात, पुरळ येतं, चेहऱ्यावर लव वाढते. थांबवलं की चेहरा आगीसारखा लाल होतो, म्हणून पोरगी पुन्हा लावते. त्वचारोगतज्ज्ञांकडे असे चेहरे घेऊन किती मुली जातात, ते एकदा त्यांनाच विचारा. अशा त्वचेवर लग्नाच्या दिवशी बेस बसतच नाही. खपल्या उचलतात, प्रायमर झोंबतो. मग तुम्ही म्हणता, मेकअप चांगल्या कंपनीचा होता, असं का झालं?

तर लेबल कसं वाचायचं? तुम्ही विक्रीतल्या, हे तुम्हाला यायलाच हवं. बनवणाऱ्याचं नाव आणि पूर्ण पत्ता. बॅच नंबर. उत्पादन परवान्याचा नंबर. कोणत्या महिन्या-वर्षापर्यंत वापरायचं ती तारीख. आत काय काय आहे त्याची यादी. बाहेरच्या देशातलं असेल तर आणणाऱ्याचं नाव-पत्ता आणि आयात नोंदणीचा नंबर. २०२०च्या कॉस्मेटिक्स नियमांत हे सगळं सांगितलेलं आहे. यातलं काही नसेल तर तो माल परत करा. यादीत कॅलोमेल, मर्क्युरस क्लोराइड, मर्क्युरी किंवा नुसतं ‘एचजी’ दिसलं तर तो पाराच समजा. आणि जागतिक आरोग्य संघटनेनं सांगितलेली एक खूण लक्षात ठेवा. डबीवर ‘सोनं, चांदी, ॲल्युमिनियम यांना लागू देऊ नका’ अशी सूचना असली, तर आत पारा असण्याची शक्यता असते. सोन्याला जे चालत नाही, ते गळाभर सोनं घालणाऱ्या नवरीच्या गालाला कसं चालेल?

दोनदा सांगून मन भरत नाही म्हणून तिसऱ्यांदा सांगते. ‘आमची सगळी गिऱ्हाइकं लावतात, कोणाला काही झालं नाही’ हे लेबल नव्हे. ‘कंपनीच्या मीटिंगमध्ये सांगितलं’ हेही लेबल नव्हे. मोबाइलवर कोणा मुलीनं दाखवलं, तेसुद्धा नव्हे. डब्यावर छापलेलं असेल तेवढंच धरा.

हाच नियम तुमच्या पडून राहिलेल्या मालालाही लागू आहे. मला माहीत आहे, तुमच्यातल्या पुष्कळ जणींच्या कपाटात न विकलेले डबे आहेत. वरच्या ताईनं ‘इतका माल उचल म्हणजे लेव्हल वाढेल’ म्हणून गळ्यात मारलेले. आता मेकअपचं काम सुरू केलं की वाटतं, हाच माल नवरीला लावून संपवू. तारीख उलटलेला मस्कारा, उन्हाळ्यात दोनदा वितळून पुन्हा घट्ट झालेली लिपस्टिक, तेल वेगळं झालेलं फाउंडेशन, हे सगळं नवरीच्या डोळ्याला आणि ओठाला? नाही. थेट विक्रीच्या कंपन्यांसाठी डिसेंबर २०२१ मध्ये केंद्र सरकारनं नियम केले. त्यांनुसार साखळीत शिरायला पैसे घेता येत नाहीत, आणि विकता येण्याजोगा माल परत घ्यायची सोय कंपनीला ठेवावी लागते. तुमचं करारपत्र काढा, मुदत वाचा, माल परत करा. तोटा झाला तर सोसा. पण तो तोटा दुसऱ्याच्या पोरीच्या चेहऱ्यावर काढू नका.

आता लिहून आणलेला कागद बाजूला ठेवते आणि एक बोलते. तुम्ही सावळ्या मुलीला खुर्चीत बसवल्या बसवल्या म्हणता, ‘काळजी करू नको, कव्हर करून देते.’ काय कव्हर करणार? तिचा रंग? डाग कव्हर करा, डोळ्यांखालचं काळं करा. रंग हा डाग नाही. आपल्याकडच्या मुली कापूस वेचायला जातात, संत्र्याच्या बागेत राबतात, ऊन अंगावर घेतात. त्यांच्या हातांचा, गळ्याचा, चेहऱ्याचा रंग एक असतो, आणि तुम्ही दोन शेड वरचा बेस लावून त्यांचा चेहरा वेगळा काढता. फोटोत फ्लॅश पडला की चेहरा पांढरा आणि हात तसेच. पुढची सगळी वर्षं ती पोरगी तो अल्बम कोणाला दाखवत नाही. मला या गोष्टीचा फार राग येतो. तुमच्या पेटीत गडद शेड नसतील तर आधी त्या घ्या, हायलायटर नंतर घ्या. सावळ्या चेहऱ्यावर हिरवा शालू, मोत्यांची नथ आणि चंद्रकोर किती देखणी दिसते, हे तिला तुमच्या आरशात दिसू द्या. नवरीची आई ‘गोरी कर’ म्हणाली तर तुम्ही विक्रीत शिकलेलं बोलणं तिथे वापरा आणि तिला समजवा. तेवढं कौशल्य तुमच्यात नक्की आहे.

असो. कागदाकडे येते.

शिकायचं कुठे? पंधरा दिवसांत ‘इंटरनॅशनल’ सर्टिफिकेट देणाऱ्या जाहिरातींना भुलून दागिने गहाण ठेवू नका. दहावी झाली असेल तर आयटीआयमध्ये कॉस्मेटॉलॉजीचा एक वर्षाचा ट्रेड आहे. तेवढा वेळ नसेल तर ब्युटी अँड वेलनेस सेक्टर स्किल कौन्सिलची मान्यता असलेला अभ्यासक्रम बघा, त्यात नवरीच्या आणि फोटोच्या मेकअपची वेगळी पातळी आहे. बँकांच्या ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्था ब्युटी पार्लरचं साधारण महिनाभराचं प्रशिक्षण फुकट देतात. त्यांची चौकशी आपल्या बँकेत करा. कुठेही फी भरण्याआधी एकच विचारा: रोज किती खऱ्या चेहऱ्यांवर हात चालवायला मिळेल? नुसतं बघायला मिळणार असेल तर निघून या.

लोधीखेड्याच्या बायका आणखी एक विचारतात. ‘आम्ही मध्य प्रदेशातल्या, बाजार आमचा नागपूर. योजना कोणत्या राज्याची?’ राज्याच्या योजना रहिवासावर मिळतात, म्हणून कागद तुमच्या राज्याचेच लागतील. पांढुर्णा जिल्हा ऑक्टोबर २०२३ मध्ये छिंदवाड्यातून वेगळा झाला. जुन्या कागदांवर छिंदवाडा असेल तर अर्ज भरताना तेवढं नीट विचारून घ्या. मुद्रा कर्ज मात्र केंद्राचं आहे. त्यातल्या शिशु गटात ५० हजारांपर्यंत कर्ज तारणाशिवाय मिळतं, आणि पहिल्या पेटीला तेवढं पुष्कळ झालं. एकदम दोन-तीन लाखांचं सामान घेऊ नका.

कामाला मात्र राज्याची सीमा नाही, आणि हे कोर्टानं सांगितलेलं आहे. मुंबईच्या सिनेसृष्टीत मेकअप कलाकारांची आणि केशभूषाकारांची जी संघटना आहे, तिच्यात जवळपास सहा दशकं बाईला मेकअप कलाकाराचं कार्ड मिळत नव्हतं. बाईनं केस करायचे, चेहरा पुरुषानं करायचा. शिवाय महाराष्ट्रात पाच वर्षांचा रहिवास असल्याची अट होती. कॅलिफोर्नियात मेकअप शिकून आलेल्या चारू खुराणा यांनी आणि इतर काही जणींनी त्याविरुद्ध दाद मागितली, आणि १० नोव्हेंबर २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयानं या दोन्ही अटी रद्द केल्या. न्यायमूर्ती दीपक मिश्रा आणि न्यायमूर्ती उदय लळित यांचं ते पीठ होतं. तेव्हा सौंसरची मुलगी उद्या मुंबईच्या सेटवर ब्रश घेऊन उभी राहिली, तर तिला ‘तू बाई आहेस’ किंवा ‘तू बाहेरची आहेस’ म्हणून कोणी कार्ड नाकारू शकत नाही. हे मुलींना सांगा. घरच्यांनाही सांगा.

आपल्या गावात नुसता मेकअप येऊन भागत नाही. नवरीला एकच बाई हवी असते, तीच अंबाडा घालेल, तीच शालू नेसवेल, तीच नथ बसवेल. विक्रीतून आलेल्या जणी इथे अडतात, कारण पेटीतल्या वस्तू त्यांना ठाऊक असतात, पण केसात पिन कुठून घालायची ते हाताला माहीत नसतं. म्हणून पहिला सीझन एखाद्या अनुभवी बाईच्या हाताखाली काढा. पैसे कमी मिळतील. पिना द्या, साडीच्या निऱ्या धरा, बघा. घरी सासूच्या चेहऱ्यावर हात बसवा, जावेच्या, शेजारणीच्या. सुरकुत्यांवर बेस कसा भेगाळतो, हे वीस वर्षांच्या मुलीच्या चेहऱ्यावर कधीच कळणार नाही.

विक्री लगेच सोडू नका. आषाढी ते कार्तिकी लग्नं नसतात, तेव्हा घर त्याच पैशांवर चालेल. फक्त ज्या दिवशी मेकअपला जाल त्या दिवशी कॅटलॉग घरी ठेवा. नवरीच्या मावशीला तिथेच काजळ विकायला बसू नका, त्यानं तुमचीच किंमत कमी होते.

भाव सांगताना सामान, जाणं-येणं, सोबतच्या मुलीची मजुरी आणि ट्रायलचा वेळ धरा. निम्मे पैसे आगाऊ घ्या, कागदावर लिहून घ्या.

स्वच्छतेचं थोडक्यात. लिपस्टिक थेट ओठाला नाही, स्टीलच्या प्लेटवर काढून ब्रशनं. काजळाच्या पेन्सिलीचं टोक प्रत्येकीसाठी नव्यानं काढायचं. मस्काऱ्याची काडी प्रत्येकीला वेगळी, आणि उघडलेला मस्कारा तीन महिन्यांनी टाकायचा. कोणाचे डोळे आलेले असतील तर डोळ्यांना हात लावायचा नाही, मग ती नवरदेवाची बहीण का असेना. नवीन वस्तू असेल तर आधी दोन दिवस कानामागे लावून बघायची.

काल एका मुलीनं मला विचारलं, ‘ताई, लेबल नसलेलं मी नाही दिलं तर ती दुसरीकडून घेईल ना?’ घेईल कदाचित. पण तिच्या घरी आजारपण आलं तर ते तुमच्या हातून आलेलं नसेल. आणि विक्रीत इतकी वर्षं काढलेल्या बाईला हेही ठाऊक असतं की गिऱ्हाईक फिरून कोणाकडे येतं. बाळा, ऐकत असशील तर तुझ्यासाठीच पुन्हा सांगितलं.

तुळशीचं लग्न झालं की मुहूर्त सुरू होतील. त्याआधी एक दुपार काढा, पेटी अंगणात उजेडात उघडा आणि प्रत्येक डबा हातात घेऊन वाचा. पत्ता नाही, परवाना नाही, तारीख नाही, असं जे जे निघेल ते वेगळं काढा. पाऱ्याची शंका असलेली डबी चुलीत किंवा कचऱ्यात जाळू नका, पारा तापला की त्याची वाफ घरभर पसरते. नालीतही ओतू नका. घट्ट बंद करा, पिशवीत बांधा आणि पोरांच्या हाताबाहेर ठेवून सरकारी दवाखान्यात दाखवा. तुम्ही ती डबी आधी कोणाला विकली असेल, तर आजच तिच्या घरी जा, ‘लावणं बंद कर आणि लघवी तपासून घे’ असं तिला सांगा. लाज वाटू देऊ नका. जा.